बाळंतपणाआधी काम कधी थांबवायचे: फोंड्याच्या मुलीला उत्तर

बाय, तू फोंड्याला नर्स आहेस, पुढच्या वर्षी नोकरीवर इंग्लंडला येणार आहेस, आणि विचारतेस की इथे दिवस गेले तर काम कधी थांबवावे. शेवटपर्यंत काम करून सगळी रजा बाळासाठी राखता येते का? मी डिचोलीची, नर्सच. २०२१ पासून इथे वृद्धांच्या केअर होममध्ये आहे. तुझा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून लांबलचक लिहिते आहे.

रजा ५२ आठवडे, त्यातले ३९ पगारी, आणि ती बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेच्या ११ आठवडे आधीपासून घेता येते, हे सगळे सरकारी पानांवर आहे. तिथे दिसूनही लक्षात राहत नाही असे दोनच नियम सांगते. पहिला: बाळाच्या तारखेआधी १५ आठवडे उरतात, तेव्हा रजेच्या पगारासाठी त्या एकाच ठिकाणी तुझी २६ आठवडे नोकरी झालेली हवी. म्हणजे दिवस जाण्याच्या सुमारास तू तिथे रुजू झालेली असायला हवीस. नाहीतर मॅटर्निटी अलाउन्स हा सरकारी भत्ता बघावा लागतो, त्याचे नियम निराळे. दुसरा: शेवटच्या ४ आठवड्यांत गरोदरपणाच्या दुखण्याने एक दिवस जरी आजारी म्हणून घरी राहिलीस, तर दुसऱ्या दिवसापासून बाळंतपणाची रजा आपोआप सुरू होते. तू ठरवलेल्या तारखेला मग अर्थ राहत नाही.

या दुसऱ्या नियमाने माझे काय झाले ते सांगते.

माझी तारीख २ जानेवारी २०२३ होती. मी हिशेब उलटा मांडला, गणपतीच्या चवथीपासून. त्या वर्षी चवथ १९ सप्टेंबरला. रजा २६ डिसेंबरला सुरू केली तर ३९ आठवडे २४ सप्टेंबरपर्यंत पुरत होते. बाळाला घेऊन घरी जायचे, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली त्याला आईच्या मांडीवर बसवायचे, आणि तेवढे दिवस पगारही चालू. आजी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आई इकडे येऊ शकत नव्हती. मीच जायचे, हे ठरलेले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बूट पायात शिरेनात. डोके ठणकत होते. रात्रपाळीत एका आजींचा रक्तदाब मोजला आणि तोच पट्टा बाजूला जाऊन स्वतःच्या दंडाला बांधला. १४८ वर ९६. बाय, मी नर्स आहे. सदतिसाव्या आठवड्यात सूज, डोकेदुखी आणि हा आकडा एकत्र आला तर ते धोक्याचे समजायचे, हे मला कुणी शिकवायला नको होते. तरी मी ते कुठेही लिहिले नाही, कुणाला सांगितले नाही, आणखी दोन पाळ्या केल्या. आजारी म्हणून कळवले असते तर रजा तिथेच सुरू झाली असती आणि चवथ हातची गेली असती, एवढेच मनात होते.

१४ तारखेला मिडवाइफकडे, म्हणजे बाळंतपण बघणाऱ्या नर्सकडे, तपासणी होती. १६४ वर १०८, लघवीत प्रथिने. तिने मला घरीसुद्धा जाऊ दिले नाही. कळा आणण्याचे औषध दिले आणि १५ तारखेला संध्याकाळी मुलगा झाला, २ किलो ६००. तो सुखरूप आहे. त्या रात्रपाळीतला आकडा मी नवऱ्यालाही अजून सांगितलेला नाही.

बाळ आधी झाले की रजा दुसऱ्या दिवसापासून मोजतात. पगार १४ सप्टेंबरला संपला, चवथीच्या ५ दिवस आधी. बिनपगारी का होईना, जायचे ठरवले, तर बाळाचा पासपोर्ट अडला. आमच्या लग्नाच्या नोंदीत बाबांचे नाईक हे आडनाव पोर्तुगीज वळणाने, शेवटी क्यू-यू-ई, आणि माझ्या पासपोर्टात नुसता के. आपल्या घराघरांत असे दोन-दोन नाईक असतात, कुणाला त्याचे काही वाटत नाही. इथे अर्ज परत आला. प्रतिज्ञापत्र गोव्याहून करून आणेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. मुलाने माटोळी फोनवर पाहिली. तू निघण्याआधी लग्नाच्या नोंदीची प्रत काढून एकेक अक्षर पासपोर्टाशी ताडून बघ. चूक असेल तर तिथे असतानाच दुरुस्त कर.

एकटेपणाचेही विचारले आहेस. होते सवय.

काम कधी थांबवायचे? बारा तासांची पाळी असेल तर ३४ आठवड्यांना, नाहीतर ३६ ला. आणि वर्षाची हक्काची सुट्टी खर्च करू नकोस, ती राखून बाळंतपणाच्या रजेला जोडून आधी घे. पूर्ण पगार मिळतो आणि ३९ आठवड्यांना हात लागत नाही. मला हे माहीत होते, पण मी ती मे महिन्यात घरी येऊन संपवली होती. आईच्या हातचे खायची इच्छा होती. त्या सुट्टीचा मला पश्चात्ताप नाही. त्या दोन पाळ्यांचा आहे.

आणि डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे चमकू लागले, की त्याच घडीला मिडवाइफला फोन कर. हे तुला माहीत आहे. मलाही माहीत होते.