३०० एमबीपीएसची लाईन ८० घरांत सारखी कशी वाटायची?

प्रश्न थोडक्यात असा: गावात ३०० एमबीपीएसची लीज लाईन (पुरवठादाराकडून भाड्याने घेतलेली), मिक्रोटिक राउटरवर पीपीपीओईने (लॉगिन करून) जोडलेली ८० घरं, प्लॅन सगळ्यांना ५० चा. रात्री नऊला दोघे-तिघे टोरंट (एकाच वेळी अनेक ठिकाणांहून फाइल ओढणारं डाउनलोड) लावतात आणि बाकीच्यांचे तक्रारीचे फोन सुरू होतात. मग प्रत्येकाला साडेतीनवर बांधून टाकावं का?

अजिबात नाही. ३०० भागिले ८० हे चौथीचं गणित झालं. ऐंशीच्या ऐंशी घरं एकाच क्षणी ओढत नसतात. वीस ओढत असतील तर प्रत्येकाला चौदा मिळायला हवेत. तुम्ही त्यांना साडेतीनवर बसवून उरलेली लाईन रिकामी ठेवणार, आणि याला काही लोक ‘फेअर’ म्हणतात.

दुसरी जमात ‘लाईन वाढवा’ म्हणणाऱ्यांची. टीसीपीला (इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या नियमांना) घर कळत नाही, कनेक्शन कळतं. टोरंटवाल्याची ९० कनेक्शनं आणि दहा शेजाऱ्यांचं एकेक असेल, तर शंभरातले साधारण ९० वाटे त्या एका घरात जातात. लाईन ६०० ची केलीत तरी हिस्सा तोच. म्हणून वाटणी घरागणिक व्हायला हवी, आणि मिक्रोटिकमधलं पीसीक्यू (प्रत्येक पत्त्याची वेगळी रांग करून सारखं वाटणारी पद्धत) नेमकं तेच करतं.

आधी पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) रांग तुमच्या राउटरवर, म्हणजे तुमच्या हातात आणा. सिंपल क्यूमध्ये (राउटरमधला वेग बांधायचा नियम) टार्गेट म्हणून ग्राहकांच्या आयपी पत्त्यांची रेंज द्या आणि मॅक्स-लिमिट (एकूण वेगाची कमाल मर्यादा) डाउनलोड-अपलोड दोन्हीकडे २८५ ठेवा (वरचे चौदा आणि साडेतीन याच २८५ वरून). पूर्ण ३०० ठेवलं तर पॅकेटं पुरवठादाराच्या उपकरणात तुंबतात आणि तिथे तुमचं पीसीक्यू चालत नाही. क्यूचा प्रकार पीसीक्यू: डाउनलोडचा क्लासिफायर (कशावरून वाटायचं ते) डीएसटी-ॲड्रेस (पॅकेट जिथे जातं तो पत्ता), अपलोडचा एसआरसी-ॲड्रेस (जिथून निघतं तो), पीसीक्यू-रेट (एका घराची कमाल) ५० एम. अपलोडकडे दुर्लक्ष नको. ते भरलं की डाउनलोडच्या पोचपावत्या अडकतात आणि डाउनलोडही रखडतं.

आता लोक जिथे हमखास फसतात ते. पीसीक्यूचं लिमिट (एका घराच्या रांगेची लांबी) मुळात ५० केआयबी (१०२४ बाइटांचं एकक) असतं आणि टोटल-लिमिट (सगळ्या रांगा मिळून) २०००. म्हणजे ४० घरांच्या रांगा भरल्या की एकूण जागा संपली, आणि एकेचाळिसाव्याची पॅकेटं त्याचा काही दोष नसताना पडायला लागतात. लिमिट १०० आणि टोटल ८००० करा. त्याहून वर जाऊ नका. १०० केआयबी म्हणजे सुमारे ८ लाख १९ हजार बिट. घराला १४ एमबीपीएस मिळत असताना ही रांग रिकामी व्हायला ५८ मिलिसेकंद लागतात, साडेतीन मिळत असताना २३४. त्याच घरात पोरगा गेम खेळत असेल तर तो बोंबलणारच. उलट ५० केआयबीच ठेवलं तर पहाटे एकट्याने ५० ओढताना रांग जेमतेम ८ मिलिसेकंदांची उरते आणि लांबच्या सर्व्हरवरून वेग सारखा पडत राहतो.

पीपीपी प्रोफाइलमध्ये (पीपीपीओई लॉगिनच्या सेटिंगमध्ये) रेट-लिमिट दिलेलं असेल तर काढा. ते प्रत्येक घराची वेगळी क्यू बनवतं, आणि वरच्या पातळीवर पॅकेट एकाच क्यूत जातं, जी आधी जुळेल तिच्यात. दोन्ही ठेवल्या तर एक नुसती शोभेची. फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा (पॅकेटं जवळच्या वाटेने पुढे काढणारा) नियमही बंद करा, नाहीतर ती कनेक्शनं सिंपल क्यूला वळसा घालून जातात. विनबॉक्समध्ये (मिक्रोटिक चालवायचं सॉफ्टवेअर) ते लगेच दिसतं: लाईन भरलेली, आणि क्यूचं चिन्ह मात्र हिरवंगार. ते लाल झालं पाहिजे. फास्टट्रॅक गेला की सीपीयूवर भार वाढतो, तो नऊ वाजता बघा, दुपारी नव्हे.

शेवटी टोरंट नसलेल्या घरातून पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावून ठेवा. लाईन भरल्यावर तो दहापट चढला तर रांग अजून बाहेरच लागते आहे, मॅक्स-लिमिट पाच-पाचने उतरवा. टोरंट ओळखून दाबायच्या फंदात पडू नका. ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असतं, नियम वाढतात, पकडला जातो भलताच.

आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब इंटरनेट पत्ते) देत असाल तर पीसीक्यूचा ॲड्रेस६-मास्क (पत्त्याचे किती बिट बघून घर ओळखायचं ते) १२८ वरून ६४ वर आणा (घराला /५६ देत असाल तर ५६), नाहीतर घरातल्या प्रत्येक मोबाइलला वेगळा वाटा मिळतो. राउटर-ओएस (मिक्रोटिकची प्रणाली) ७ मध्ये एफक्यू-कोडेल आणि केक या रांगेच्या पद्धतीही आहेत.  पण एफक्यू-कोडेलची वाटणी कनेक्शनागणिक, म्हणजे सगळ्या घरांवर एकच लावलंत तर पुन्हा टोरंटवाल्याचीच चांदी. केक घरागणिक वाटू शकतो, फक्त बाहेरच्या इंटरफेसवर लावताना नॅटचा (एका पत्त्यामागची घरं वेगळी ओळखण्याचा) पर्याय चालू करा, नाहीतर त्याला ऐंशी घरं एकाच पत्त्याची दिसतात.

हे सगळं अडचण लीज लाईनवर आहे असं धरून. काही घरं वायरलेस लिंकवर असतील आणि ती लिंकच ४० ची असेल, तर त्या घरांची क्यू वेगळी, ३६ च्या आसपास.