पावडरचा डबा आणि ज्वारीची कोठी

‘प्रोटीन पावडर खाल्ल्याने पुरुषत्व जाते का?’ हा प्रश्न मला लातूरमध्ये समुपदेशनाचे काम करताना सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो बहुधा मुलगा विचारत नाही, त्याची आई किंवा थोरला भाऊ विचारतो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात औसा तालुक्यातल्या एक बाई आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या, तेव्हाही सुरुवात अशीच झाली. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकले, “मॅडम, दोन वर्सं झाली हा डब्यातली पावडर खायलाय. अंगातलं सगळं वाळून गेलं ह्याचं. शेवटी डबाच उचलून ज्वारीच्या कोठीत लपवून ठेवला मी.” मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याला येथे मी ओंकार म्हणते.

ओंकार मान खाली घालून बसला होता. बेचाळीस अंशांच्या उन्हात त्याने विंडचीटर घातलेले होते आणि त्याची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती. मी पंख्याचा वेग वाढवला तरी त्याने चेन खाली केली नाही. ही गोष्ट मी वहीत टिपून ठेवली, पण तिच्याविषयी त्या दिवशी विचारले नाही.

आईला बाहेर बसायला सांगितल्यावर त्याने मोबाइलमधला एक रिपोर्ट दाखवला. त्यात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा (हार्मोनचा) आकडा ठळक अक्षरांत होता आणि तो प्रयोगशाळेच्या खालच्या मर्यादेहूनही खाली होता. तो आकडा त्याने तोंडपाठ केला होता. सकाळी उठताना येणारी ताठरता तीन महिन्यांपासून बंद झाली होती, इच्छा उरली नव्हती, आणि साखरपुडा तर झालेला होता. लग्न मार्गशीर्षात ठरले होते. “मॅडम, मी नाही म्हणून कळवून टाकतो. त्या पोरीचं कशाला वाटोळं करायचं,” असे तो म्हणाला. बाईमाणसासमोर हे बोलताना त्याला किती जड गेले असेल, हे त्याच्या कानांच्या रंगावरून दिसत होते.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. रिपोर्टचा अर्थ लावणे माझ्या अधिकारात बसत नाही. तरीही रक्त किती वाजता दिले होते एवढे मी विचारले. संध्याकाळी पाच वाजता, अभ्यासिकेतून परतताना, असे उत्तर आले. तरुण पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन पहाटे व सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस उतरेल तसे उतरत जाते, म्हणून ही तपासणी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करावी लागते. पाच वाजताच्या एका कागदावर कोणी लग्न मोडू नये, एवढे मी त्याला सांगितले आणि शहरातल्या एका अंतःस्रावतज्ज्ञांच्या, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांच्या, नावे चिठ्ठी दिली.

त्याची दिनचर्या मात्र मी सविस्तर लिहून घेतली, कारण बहुतेक उत्तरे तिथेच सापडतात. ओंकार पोलीस भरतीची तयारी करत होता. शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर आणखी ५ सेंटिमीटर वाढावी लागते. ओंकारची भरत होती ७७. या दोन सेंटिमीटरांसाठी तो जिममध्ये गेला होता. रात्री साडेबारापर्यंत अभ्यासिका, पहाटे पाचला मैदानावर सोळाशे मीटरची तयारी, संध्याकाळी जिम, आणि पोटाचे स्नायू उठून दिसावेत म्हणून एक वेळची भाकरी बंद. म्हणजे झोप साडेचार तास, श्रम दोन पाळ्यांचे आणि अन्न अर्धे. निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाच तासच झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरलेले आढळले, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नोंदलेले आहे. व्यायामाने हे संप्रेरक वाढते ही समजूतही अर्धीच खरी आहे. वजने उचलल्यावर ते थोडा वेळ वाढते आणि पुन्हा मूळ पातळीवर येते. ज्याच्या पोटावर चरबी साठली आहे त्याचे वजन उतरले तर टिकाऊ फरक पडतो, पण ओंकारसारख्या काटक मुलाने उपाशी राहून श्रम वाढवले तर शरीर उलट ते कमी करते.

आता त्या डब्याविषयी. पुढच्या खेपेला तो घेऊन या, असे मी आईंना सांगितले होते आणि त्यांनी तो खरोखरच आणला. झाकणाच्या खाचेत ज्वारीचे दोन दाणे अडकलेले होते. आत व्हे प्रोटीन होते. पनीर करताना दूध फाटल्यावर जे पिवळसर पाणी उरते त्यातले प्रथिन वेगळे काढून वाळवले की ही पावडर होते. तीस ग्रॅमच्या एका मापात साधारण चोवीस ग्रॅम प्रथिन असते. दूध पिऊन कोणाचे पुरुषत्व जात नाही, तसे निर्भेळ व्हे खाऊनही जात नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. ते गरजेचे आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते. वजने उचलणाऱ्याला अधिक लागते, परंतु १.६ ग्रॅमच्या पुढे खाल्ल्याने स्नायूंत आणखी भर पडत नाही. बासष्ट किलोच्या ओंकारला ही मर्यादा शंभर ग्रॅमच्या आतच गाठता येते, आणि त्यातला मोठा भाग वरण, फुटाणे, दूध व अंड्यांतून सहज निघतो.

आईंनी आणखी एक गोष्ट बंद केली होती, ती म्हणजे सोयाबीन. ते खाल्ल्याने पुरुष बाईसारखा होतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. आपला जिल्हा सोयाबीनवर जगतो, आडतीवर त्याच्या भावावरून घरोघरचे सणवार ठरतात, आणि तेच आपण आपल्या मुलाच्या ताटात वाढायला भ्यावे, याचे मला हसूही येते आणि वाईटही वाटते. सोयाबीनमधील घटकांनी पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन उतरत नाही, हे अनेक अभ्यास एकत्र करून तपासलेले आहे. कच्चे मात्र खाऊ नये. शिजवून किंवा भाजून खावे.

दहा दिवसांनी तज्ज्ञांचे कागद आले. सकाळच्या दोन्ही तपासण्यांतही टेस्टोस्टेरॉन कमीच होते आणि त्यासोबत एलएच व एफएसएच ही मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीची, वृषणांना कामाला लावणारी संप्रेरकेही तळाला गेलेली होती. पावडरशिवाय आणखी काही घेतोस का, असे मी पहिल्या भेटीत विचारले होते आणि त्याने ठामपणे नाही म्हटले होते. तोच प्रश्न या वेळी मी वेगळ्या तऱ्हेने विचारला: “जिममध्ये सरांनी काही दिलं होतं का?” बराच वेळ तो गप्प राहिला. मग त्याने विंडचीटरची चेन उघडली आणि डाव्या स्तनाग्रावर टी-शर्टवरूनच बोट ठेवले. तिथे सुपारीएवढी गाठ झाली होती आणि शर्ट घासला तरी दुखत होती.

दहा आठवडे तो गोळ्या घेत होता. ‘आयुर्वेदिक आहे, पावडर अंगी लागेल’ असे सांगून जिमच्या प्रशिक्षकाने त्या दिल्या होत्या, म्हणून त्याच्या हिशेबी त्या औषधात मोडत नव्हत्या. म्हणजे तो माझ्याशी खोटे बोललाच नव्हता. पाकिटात उरलेली पट्टी त्याने दाखवली. मागच्या बाजूवरचे नाव ब्लेडने खरवडून काढलेले होते. मला तेवढे पुरे होते. मेथॅन्डिएनोन, स्टॅनोझोलॉल अशी कृत्रिम पुरुषी संप्रेरके बाजारात याच वाटेने फिरतात.

त्याला ते समजावताना मी टँकरचे उदाहरण दिले, आणि लातूरकराला टँकर समजावून सांगावा लागत नाही. गल्लीत टँकर येऊन हौद भरला की घरची बोअरची मोटर कोणी सुरू करत नाही. बाहेरून संप्रेरक आले की मेंदू तसाच वागतो. तो वृषणांना जाणारा निरोप थांबवतो, तिथले काम बंद पडते, शुक्राणूही घटतात. पुढे टँकर बंद झाला तरी बरेच दिवस पडून राहिलेली मोटर बटण दाबताच पाणी फेकत नाही. काही गोळ्यांमधल्या संप्रेरकाचे शरीरात इस्ट्रोजेनसारख्या स्त्री-संप्रेरकात रूपांतर होते, त्यातून छातीवर अशी गाठ येते. ही गाठ व्हेची नव्हती आणि सोयाबीनचीही नव्हती.

त्याच प्रशिक्षकाने आता टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घे, असे सुचवले होते. तो स्वतःही घेत असावा असे ओंकारच्या बोलण्यावरून वाटले, त्यामुळे त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. परंतु हौद कोरडा पडला म्हणून दुसरा टँकर मागवण्याचाच तो प्रकार होता. ज्याला पुढे मूल हवे आहे अशा तरुणाने हे इंजेक्शन घेतले तर शुक्राणूंची निर्मिती आणखी दबते. डॉक्टरांनी ते दिले नाही. गोळ्या बंद, सात तास झोप, दोन्ही वेळची भाकरी आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्ततपासणी, एवढेच त्यांनी लिहिले. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे याहून लवकर काही पाहण्यात अर्थ नव्हता.

ते तीन महिने माझ्या कामाचे होते. दर पंधरा दिवसांनी तो येई आणि दर वेळी मधेच कुठेतरी रक्त तपासून यायची त्याला इच्छा होई. लग्नाबाबत कोणताही निरोप पाठवू नये, एवढीच अट मी घातली होती. आईंना काय सांगायचे हे त्याने ठरवावे असे म्हटले होते. त्याने एका संध्याकाळी माझ्यासमोरच त्यांना सगळे सांगितले. बाई पहिल्यांदा रडल्या, मग म्हणाल्या, “म्हंजे मी नुसतीच डबा लपवून बसले होते की.”

ऑगस्टअखेर एलएच मर्यादेत आले, टेस्टोस्टेरॉन खालच्या मर्यादेच्या थोडे वर चढले. गाठ मऊ झाली होती, पूर्ण गेली नव्हती. विंडचीटर मात्र तो जुलैपासूनच घालत नव्हता.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. लग्नाची पत्रिका द्यायला कधी येऊ, असे त्याने विचारले. तब्येतीबद्दल मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, “मॅडम, छाती साडेअठ्ठ्याहत्तर भरायलीय. अर्धा सेंटिमीटर राहिलाय.”