दुरुस्ती ३६० डॉलरला, नवी रेंज १,४८० डॉलरला: बिघडलेल्या सेल्फ-क्लीन ओव्हनचं काय करावं?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. टाउनहाऊस स्वतःचं आहे, मुलगी चार वर्षांची आहे. स्वयंपाकघरातली इलेक्ट्रिक रेंज आठ वर्षांची आहे, वर काचेचा टॉप आणि खाली सेल्फ-क्लीन ओव्हन. पुढच्या महिन्यात सासूबाई-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येत आहेत, म्हणून घर आवरताना ओव्हनचं सेल्फ-क्लीन, म्हणजे खूप तापवून आतला मळ जाळायची सोय, लावलं. चार तासांनी बघते तर डिस्प्ले बंद आणि दाराचं लॉक उघडेना. ब्रेकर बंद करून पुन्हा चालू केला, पण काही झालं नाही. वरच्या शेगड्या मात्र चालू आहेत. टेक्निशियनने भेटीचे ११० डॉलर घेतले आणि थर्मल फ्यूज व कंट्रोल बोर्ड बदलायचे ३६० सांगितले. तशाच प्रकारची नवी रेंज दुकानात १,१४९ ला आहे. कॉर्ड, जुनी उचलून नेणं, टॅक्स आणि पाच वर्षांचा प्रोटेक्शन प्लॅन धरून १,४८० होतात. दुकानाच्या कार्डावर १२ महिने व्याज नाही. नवरा म्हणतो नवीच घेऊ, मला दुरुस्त करावीशी वाटते. आणि हे सेल्फ-क्लीन यापुढे वापरावं की नाही?

उत्तर: दुरुस्त करा. पण टेक्निशियनला हो म्हणण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा, आणि दुकानाच्या कार्डाला हातही लावू नका. आता कारणं सांगतो.

आधी साधा हिशेब. प्रोटेक्शन प्लॅन बाजूला ठेवला तर नव्या रेंजला सुमारे १,३०० डॉलर लागतील. इलेक्ट्रिक रेंज साधारण १३ ते १५ वर्षं चालते. आपण १३ धरू. म्हणजे नवी रेंज तुम्हाला वर्षाला १०० डॉलरला पडते. ३६० ची दुरुस्ती करून जुनी रेंज अजून तीन वर्षं आणि सात-आठ महिने चालली, तर दुरुस्तीचा पैसा वसूल झाला. त्यापुढचं प्रत्येक वर्ष तुमच्या फायद्याचं. आठ वर्षांच्या रेंजकडून, विशेषतः वरच्या शेगड्या ठणठणीत असताना, साडेतीन वर्षांची अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

भेटीचे ११० डॉलर या तुलनेत धरू नका. काहीही ठरवलंत तरी ते गेलेत. मात्र दुरुस्ती त्याच्याकडूनच केली तर तो ते ३६० मधून वळते करतो का, हे विचारा. बरेच जण करतात. तसं झालं तर दुरुस्ती २५० वर येते आणि अडीच वर्षांतच वसूल होते.

आता विचारायच्या दोन गोष्टी. पहिली: बोर्ड खरंच गेलाय हे त्याने तपासलं, की अंदाजाने सांगितलं? सेल्फ-क्लीनच्या वेळी ओव्हनच्या मागच्या भागातलं तापमान हद्दीबाहेर गेलं तर थर्मल फ्यूज उडतो आणि अनेक मॉडेलमध्ये कंट्रोलचा वीजपुरवठाच तोडतो. डिस्प्ले काळा पडतो, दार कुलूपबंद राहतं, आणि शेगड्यांची बटणं वेगळ्या सर्किटवर असल्यामुळे त्या चालत राहतात. तुम्ही लिहिलेलं वर्णन याच्याशी जुळतं. हा फ्यूज काही डॉलरांचा असतो, बोर्ड काही शे डॉलरांचा. म्हणून आधी मीटर लावून फ्यूज तपासा, नुसता तो बदलून बघा आणि मगच बोर्डाचं बोला, असं स्पष्ट सांगा. टेक्निशियनला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. पैसे तुमचे आहेत.

दुसरी गोष्ट: फ्यूज का उडाला? ओव्हनला कूलिंग फॅन असेल तर तो फिरतोय का, हवा बाहेर पडायची फट तेलकट मळाने किंवा वर ठेवलेल्या ताटल्यांनी बंद झाली होती का, दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेने उष्णता अडवणारी पट्टी, फाटलंय का? कारण न शोधता फ्यूज बदलला तर तो पुन्हा उडेल. आणि कोणी 'फ्यूज काढून वायर थेट जोडून देतो, स्वस्तात होईल' असं म्हणालं तर त्याला त्याच पावली परत पाठवा. तो फ्यूज घराला आग लागू नये म्हणून तिथे बसवलेला असतो.

माझा सल्ला कधी बदलेल तेही सांगतो. दार वाकलं असेल, आतलं इनॅमल पोपडे धरून सुटत असेल, काचेच्या टॉपला तडा असेल, किंवा मागे वायर जोडलेल्या जागी वितळल्याच्या, करपल्याच्या खुणा असतील, तर ३६० डॉलर त्यात घालू नका. नवी घ्या. दुरुस्ती झाली तर बसवलेल्या भागांवर किती दिवसांची हमी आहे ते बिलावर लिहून घ्या.

आता त्या कार्डाबद्दल. तुमच्या पत्रातली मला सर्वात जास्त काळजी वाटलेली ओळ हीच होती. '१२ महिने व्याज नाही' या जाहिरातीखाली बहुतेक वेळा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम फेडली तरच. याला डिफर्ड इंटरेस्ट म्हणतात. व्याज पहिल्या दिवसापासून मोजलं जात असतं, फक्त बाजूला ठेवलेलं असतं. बाराव्या महिन्याच्या शेवटी एक डॉलर जरी बाकी राहिला तरी सगळं साठलेलं व्याज एकदम तुमच्या माथी येतं. दुकानांच्या कार्डांचा दर ३० टक्क्यांच्या आसपास असतो. समजा तुम्ही महिन्याला १०० डॉलर नियमाने भरलेत. वर्षाअखेर १,२०० फिटले आणि २८० उरले. मग नुसत्या त्या २८० वर नाही, तर मागच्या सबंध वर्षात दर महिन्याला जेवढी बाकी होती त्या सगळ्यावरचं व्याज येईल, जवळपास आणखी २८० डॉलर! एकही हप्ता न चुकवता. वेळेत फेडायचं तर महिन्याला १२४ भरावे लागतील, आणि बिलावर छापलेली किमान रक्कम साधारणपणे तेवढी नसते. नवी रेंज घ्यायचीच वेळ आली तर ती बचतीतून घ्या. बचतीत १,३०० नसतील, तर मग दुरुस्तीचाच पर्याय आणखी पक्का होतो.

प्रोटेक्शन प्लॅन मी घेणार नाही. असे प्लॅन बहुधा खरेदीच्या तारखेपासून मोजतात, आणि पहिलं वर्ष तर कंपनीच्या वॉरंटीत असतंच. म्हणजे १८० डॉलरमध्ये तुम्हाला चारच वर्षं मिळतात, तीही रेंजच्या आयुष्यातली सर्वात कमी बिघाडाची. काही क्रेडिट कार्डं कंपनीच्या वॉरंटीवर आणखी एक वर्ष फुकट देतात. तुमच्या कार्डाच्या माहितीपत्रकात बघा. घराच्या विम्याकडून अपेक्षा ठेवू नका. आग लागली तर तो उपयोगी पडतो, पण आपोआप झालेला बिघाड किंवा झीज त्यात येत नाही, आणि डिडक्टिबल, म्हणजे विम्याआधी आपण भरायची रक्कमच, बहुधा दुरुस्तीच्या खर्चाहून मोठी असते.

आता सेल्फ-क्लीनचं. अमेरिकेत हे ओव्हन जनरल इलेक्ट्रिकने १९६३ मध्ये बाजारात आणले आणि मूळ तत्त्व अजूनही तेच आहे. एरवी आपण ३५०-४०० अंश फॅरनहाइटवर भाजतो. सेल्फ-क्लीनमध्ये ओव्हन ८५० ते ९०० अंशांच्या घरात, म्हणजे सुमारे ४५५ ते ४८० सेल्सिअसपर्यंत तापतो आणि दोन ते चार-पाच तास तसाच राहतो. आतलं तेल, सांडलेलं चीज, करपलेला रस यांची राख होते. ती ओल्या फडक्याने पुसायची. तोवर दार कुलूपबंद राहतं आणि ओव्हन पुरेसा निवल्यावरच उघडतं.

विजेचा खर्च क्षुल्लक आहे. तीन किलोवॅटचं एलिमेंट चार तास अखंड चालू राहिलं तरी १२ युनिट होतात, आणि प्रत्यक्षात ते चालू-बंद होत राहतं. युनिटला २० सेंट धरले तरी अडीच डॉलरच्या आत. खरा खर्च झिजेचा आहे. त्या उष्णतेचा ताण दाराच्या लॉकच्या मोटरवर, फ्यूजवर आणि वर बसलेल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर पडतो. जुन्या ओव्हनमध्ये यातलं काहीतरी नेमकं त्याच दिवशी जातं. म्हणून पाहुणे येण्याच्या किंवा थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर सेल्फ-क्लीन कधीच लावू नये. करायचं तर महिनाभर आधी, किंवा पाहुणे गेल्यावर.

तुमच्या आठ वर्षांच्या रेंजला दुरुस्तीनंतर मी सेल्फ-क्लीन पुन्हा लावणार नाही. बेकिंग सोडा पाण्यात कालवून रात्रभर आत लावून ठेवा, सकाळी पुसून काढा. एलिमेंट आणि गॅस्केट वगळा. बाजारातले तिखट वासाचे ओव्हन क्लीनर सेल्फ-क्लीन ओव्हनच्या इनॅमलवर वापरू नका, बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट मनाई करतात. तुमच्या मॉडेलला कमी तापमानाचं, तळाशी पाणी घालून चालणारं स्टीम क्लीन असेल तर ते बिनधास्त वापरा. फार जुना मळ त्याने निघत नाही, पण ताजं सांडलेलं निघतं.

पुढेमागे नवी घेतलीत तर मात्र सेल्फ-क्लीन वापरा, आणि पहिल्या वर्षाच्या वॉरंटीतच एकदा चालवून बघा. दोष असेल तर तो कंपनीच्या खर्चाने दुरुस्त होईल. त्या वेळी आतल्या जाळ्या, ट्रे, थर्मामीटरचा प्रोब, फॉइल सगळं बाहेर काढा. जाळ्या आत राहिल्या तर काळवंडतात आणि सरकवताना अडकतात. तळाशी साचलेलं तेल आधी पुसून घ्या, कारण धूर आणि ज्वाला त्यानेच होतात. दाराभोवतीचं विणलेलं गॅस्केट घासू नका. खिडक्या उघडा, वरचा पंखा लावा, मुलीला स्वयंपाकघराबाहेर ठेवा, कारण दार आणि बाजू एरवीपेक्षा खूप तापतात. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांना घराबाहेर, दुसरीकडे ठेवा. त्या धुराने पक्षी मरू शकतात. रात्री लावून झोपू नका आणि बाहेरही जाऊ नका. आत ज्वाला दिसल्या तर बंद करा, दार उघडायचा प्रयत्न करू नका, ब्रेकर पाडा. विझलं नाही किंवा धूर वाढला तर सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ लावा.

दुरुस्ती केलीत तर तुमच्याकडे सुमारे ९४० डॉलर वाचतात. ते कुठे जावेत याबद्दल माझं मत ठाम आहे: सासू-सासऱ्यांच्या प्रवासी आरोग्य विम्यात. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मिळत नाही, आणि इथल्या इस्पितळात एक रात्र काढली तर त्याचं बिल रेंजच्या किमतीला कितीतरी पटींनी मागे टाकतं. प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणारी स्वस्त पॉलिसी घेऊ नका, प्रत्यक्ष बिलाच्या हिशेबाने देणारी कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या. सासऱ्यांना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधीपासूनच्या आजाराबद्दलची अट शब्द न् शब्द वाचा: अनेक पॉलिसी त्या आजाराने अचानक उद्भवलेल्या संकटापुरतंच देतात, आणि तेही वयाच्या मर्यादेपर्यंत. विमानात बसण्याच्या दिवसापासून विमा चालू होईल असं बघा. यातून काही उरलं तर वेगळ्या बचत खात्यात टाका आणि त्यात महिन्याला ६०-७० डॉलर घालत राहा. रेंज, फ्रिज, वॉशर, ड्रायर, डिशवॉशर सगळं घराबरोबरच घेतलं असेल, तर ते सगळं पुढच्या काही वर्षांत पाठोपाठ थकणार आहे.

तुमच्या नवऱ्याचं 'नवीच घेऊ' यामागचं कारण आईवडिलांची सोय असेल, तर ते मला समजतं. पण त्यांच्या रोजच्या स्वयंपाकाला वरच्या शेगड्या लागतात, आणि त्या चालू आहेत. तिथे सोय वेगळीच करायला हवी. सासूबाईंनी आयुष्यभर गॅसवर स्वयंपाक केला असेल तर ज्योत दिसत नसताना काच तापलेली आहे हे ध्यानात येणं अवघड जातं. बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ पोळते. गरम असल्याचा लाल दिवा त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा. गोल बुडाची कढई काचेवर नीट तापत नाही, सपाट बुडाची एक आणून ठेवा. त्यात ४० डॉलर घालणं योग्य आहे.

आणि टेक्निशियन दुरुस्तीला येईल तेव्हा रेंज पुढे ओढावी लागेलच. त्याच वेळी मागच्या पायाला धरणारा अँटी-टिप ब्रॅकेट भिंतीला किंवा जमिनीला पक्का आहे का ते बघायला लावा, आणि रेंज परत आत सरकवताना पाय त्यात बसला की नाही हे स्वतः वाकून बघा. ओव्हनचं दार उघडून त्यावर चार वर्षांचं मूल चढलं तर ब्रॅकेट नसलेली रेंज वर उकळतं वरण असतानाच पुढे कलंडू शकते. ब्रॅकेट नसेल तर तो काही डॉलरांना मिळतो. त्याच दिवशी बसवून घ्या, दुसऱ्या भेटीचे पैसे पडणार नाहीत.