विंडोज १० चा सपोर्ट संपला, माझा लॅपटॉप २०१६ चा आहे. लिनक्स टाकलं तर मराठी टायपिंग आणि प्रिंटर चालेल का?

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकट सिस्टीम. मराठी टायपिंग त्यावर चालेल, बिनधास्त. प्रिंटरचं सांगता येत नाही, कारण तो कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. २०१६ चा लॅपटॉप म्हणजे बहुतेक इंटेलची सहावी पिढी. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी लागते, वर टीपीएम २.० ची, म्हणजे सुरक्षेच्या चिपची, अट. तेव्हा तो रस्ता बंदच धरा.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: "मित्र म्हणतो, लिनक्स हे रिकामटेकड्यांचं काम आहे." अगदी हेच शब्द माझ्या मेव्हण्याचे. त्याचं धुळ्यात कॅफे आहे, माझं अमळनेरला डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान. घरात कुठलंही लग्न असो, पंगतीत हा विषय निघतो आणि वरण-बट्टी गार होते.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे दिवस म्हणजे आमचा हंगाम. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत पत्रिकांची रांग, त्यात लाईटचा लपंडाव. अशात पारोळ्याकडचे एक बाबा पेन ड्राइव्ह घेऊन आले. थोरल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यात होती, धाकट्याची तशीच हवी होती, नावं तेवढी बदलून. आधी ते मेव्हण्याकडेच गेले होते. तिथे पेन ड्राइव्ह लावला की प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायचा, खरी फाईल कुठेच नाही. "व्हायरसने सगळं खाल्लं, फॉरमॅट मारावा लागेल," असं सांगून त्याने बाबांना वाटेला लावलं.

माझ्या काउंटरच्या मशीनवर लिनक्स मिंट आहे, लिनक्सचाच एक अवतार. पेन ड्राइव्ह लावला, सगळे फोल्डर समोर हजर. हा शॉर्टकट व्हायरस फायली खात नाही. खऱ्या फोल्डरवर हिडन आणि सिस्टीमचा शिक्का मारतो आणि पुढे त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो. विंडोज तो शिक्का मानते, लिनक्स ढुंकूनही बघत नाही. शॉर्टकट उडवले, फोल्डर कॉपी केले, झालं. बाबांना या पराक्रमाचं काही कौतुक नव्हतं. ते म्हणाले, "काय बी कर भाऊ, माले परवा पत्रिका जोयजे."

इथपर्यंत मी जिंकलो होतो. पत्रिकेची फाईल उघडली आणि मेव्हणा जिंकला. फाईल कोरलड्रॉची, म्हणजे विंडोजवरच्या डिझाइनच्या प्रोग्रामची. लिनक्सवर चालणारं तसंच इंकस्केप कोरलच्या फायली बऱ्यापैकी उघडतं, पण '॥ श्री एकवीरा माता प्रसन्न ॥' च्या जागी पडद्यावर आली ती टिंबं, कंस आणि टोप्या घातलेले इंग्रजी ए. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला असतो. तो फॉन्ट मशीनवर नसला की मागचा कचरा उघडा पडतो. आणि तो फॉन्ट ज्या पॅकेजबरोबर यायचा, ते विंडोजचंच, वर डोंगल, म्हणजे मशीनला जोडायची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नसे. आता यात लिनक्सचा दोष कुठे आला? युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, लिनक्सचा जन्मही त्याच वर्षीचा, आणि आमचा धंदा अजून टोपीवाल्या ए वर चाललाय! फोनवर हे मेव्हण्याला सुनावलं तर म्हणे, "दाजी, गिऱ्हाइकाला युनिकोड नको असतं, पत्रिका हवी असते."

बाबांच्या पिशवीत घडीवर फाटलेली जुनी छापील पत्रिका होती. ती समोर धरून रात्री सगळं नव्याने युनिकोडमधे टाइप केलं. खानदेशातली पत्रिका बघितली नसेल तर सांगतो: वधू-वर दोन ओळींत आटोपतात, बाकी सगळा कागद काका, मामा, आत्या, भाऊबंद आणि समस्त गावकरी मंडळींचा, तळाला किलबिल, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. एक आडनाव गाळलं की मांडवात रुसवा. पत्रिका वेळेत गेली. ती फाईल आता मेव्हण्याच्या मशीनवरही वाचता येते, टोप्या न घालता.

तर तुमचं टायपिंग. सेटिंगमधे मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची सरकारी मांडणी) कीबोर्ड जोडा. क के वर, हलन्त डी वर, सगळं विंडोजसारखंच. 'दुसऱ्या' मधला ऱ शिफ्ट-जे वर, पुढे हलन्त आणि य. नोटो, मुक्त हे फॉन्ट फुकट आहेत आणि चांगले आहेत. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, बोटं बसली असतील तर सुरुवातीला मला शिव्या द्याल, द्या.

प्रिंटरची गोष्ट वेगळी. गावोगाव दिसणाऱ्या स्वस्त लेझर प्रिंटरला स्वतःचं डोकं नसतं, पान तयार करायचं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर धड दिला नाही की बसा बोंबलत. माझ्याकडे असला एक आहे, कंपनीचं नाव घेत नाही. सिस्टीमचं मोठं अपडेट झालं की तो मुका होतो, आणि मग लिनक्सचे भक्त सांगायला येतात, "सोपं आहे, टर्मिनलमधे एवढ्या ओळी टाका." या लोकांनी लिनक्सचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या कंपनीने केलं नसेल. नवा प्रिंटर घ्याल तेव्हा पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट किंवा एअरप्रिंट (कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय चालण्याच्या खुणा) लिहिलेलं बघून घ्या.

टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे न बसवताच, चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. वायफायची चिप ब्रॉडकॉमची असेल तर ड्रायव्हर उतरवायला मोबाईल यूएसबीने जोडून नेट द्यावं लागेल. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. हो, आणि टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर वरचं सगळं विसरा, ते लिनक्सवर थेट चालत नाही. कोरलवर पोट असेल तरी तेच. माझ्याही दुकानात मागे एक विंडोजचं मशीन आहे, बिलासकट घेतलेलं.

'बिलासकट' मुद्दाम लिहिलं. मेव्हण्याच्या कॅफेत सगळ्या मशीनवर क्रॅक मारलेली, म्हणजे चोरीची, विंडोज, आणि ती 'फुकट पडते' म्हणून तो लिनक्सला हसतो. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करायचा आणि शॉर्टकट आले की गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हला दोष द्यायचा!

तुमचा मित्र म्हणेल, टीपीएमची अट चुकवून मी बसवून देतो विंडोज ११. बसते. पण असल्या मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. तरीही तो बसवायलाच निघाला तर विंडोजची लायसन्स की कुठून आणली ते आधी विचारा, आणि तो नुसता हसला तर लॅपटॉप उचलून घरी या.