वाचकांचे प्रश्न : कॅमेरा ट्रॅपचा फ्लॅश आणि सेल

प्रश्न : जुन्नर तालुक्यात उसाच्या फडालगत आमची वस्ती आहे. बिबट्या केव्हा व कोणत्या बाजूने येतो हे कळावे म्हणून गोठ्याच्या खांबाला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर प्राणी आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावला आहे. दिवसाचे फोटो स्वच्छ येतात. रात्रीचे मात्र पूर्ण काळे, आणि कधी कॅमेरा मध्येच बंद पडलेला असतो. सकाळी पाहावे तर बॅटरी निम्मी शिल्लक दिसते. त्यात आठ चार्जेबल पेन्सिल सेल आहेत. फ्लॅश गेला, नवा कॅमेरा घ्या, असे दुकानदार म्हणतो. घ्यावा का?

उत्तर : इतक्यात घेऊ नये. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून संशय आधी सेलवर जातो. दिवसा फोटो काढायला कॅमेऱ्याला फारशी वीज लागत नाही. रात्री मात्र फ्लॅशचे इन्फ्रारेड एलईडी, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचे छोटे दिवे, सगळे एकदम पेटतात आणि सेलवर त्या क्षणी मोठा भार येतो. थकलेल्या सेलचा व्होल्टेज या भाराने खाली बसतो, फ्लॅश पेटत नाही किंवा कॅमेराच बंद पडतो, आणि भार उतरल्यावर थोड्या वेळाने तोच सेल पुन्हा सावरतो. सकाळी आपल्याला दिसते ती या सावरलेल्या सेलची निम्मी बॅटरी.

शिवाय निकेल मेटल हायड्राइड प्रकारचा चार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो आणि साधा अल्कलाइन १.५ व्होल्टचा. आठही सेल एकापुढे एक जोडलेले असतील, तर १२ व्होल्टच्या जागी ९.६ व्होल्टच मिळतात. काही कॅमेरे एवढ्यावर निमूट चालतात, काही कुरकुरतात. म्हणून मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडण्याची सोय असल्यास ती आधी पाहावी. आठांतला एकच सेल म्हातारा झाला असेल तरी तो बाकीच्या सातांना घेऊन बसतो. रात्रभर वापरलेले सेल सकाळी काढून मल्टिमीटरने एकेक मोजावेत : सात सेल १.२ च्या आसपास आणि एखादा १ च्या खाली आढळला, तर चोर सापडला. नवे-जुने किंवा दोन प्रकारचे सेल एकत्र घालणे मात्र कटाक्षाने टाळावे.

आता फ्लॅशची परीक्षा. नवे कोरे सेल, शक्य तर १.५ व्होल्टचे, चार्ज न होणारे लिथियम सेल घालावेत, कॅमेरा घरातल्या अंधाऱ्या खोलीत सुरू करून ठेवावा आणि समोरून चालत जावे. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे एलईडी असतील तर पेटताना मंद लाल ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, पण मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिल्यास बहुधा जांभळट उजेड दिसतो. नव्या सेलवरही काहीच पेटले नाही, तरच दुकानदाराचे म्हणणे खरे मानावे.

एक इशारा द्यायलाच हवा. पेन्सिल सेलच्याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेलही बाजारात मिळतात. तसे आठ सेल बसवले तर कॅमेऱ्यात २९ व्होल्टहून अधिक जातील आणि मग नवा कॅमेरा खरोखरच घ्यावा लागेल. सेल बदलण्याचे काम भर दिवसा करावे, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको.

प्रश्न : चिपळूणजवळ आमची काजूची बाग आहे. तिथे लावलेल्या कॅमेरा ट्रॅपचे सेल आठवड्यात संपतात, हजारभर फोटोंत नुसते गवत दिसते, आणि रात्रीचे फोटो पांढरे फटक येतात.

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा ते गवतच आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो, त्यामुळे उन्हात तापलेले पाते वाऱ्याने हलले की तो फसतो. रात्री हेच पाते फ्लॅशचा उजेड परतवते, कॅमेरा त्या झगझगाटावरून प्रकाश ठरवतो आणि मागे साळिंदरासारखा प्राणी असला तरी तो अंधारात राहतो. समोरचे दोन-तीन मीटर गवत व लोंबत्या फांद्या छाटाव्यात, कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवावे आणि रात्रीचा व्हिडिओ दहा सेकंदांवर आणावा, कारण फ्लॅश तितका वेळ सतत जळत असतो. पावसाळ्यात सेलच्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवट थर चढतो. अल्कलाइन सेल गळून तो आला असेल तर कापसाच्या बोळ्याने किंचित लिंबाचा रस लावून पुसावा आणि जागा पूर्ण कोरडी करूनच सेल बसवावेत. काचेसमोर कोळ्याने जाळे विणले असेल तर तेही काढावे. त्याचा एकच धागा फ्लॅशमध्ये दोरखंडासारखा चमकतो.