क्लास कोणासाठी लावायचा, ते आधी ठरवा

*ताई, मला अठ्ठाविसावा आठवडा लागलाय. पहिलंच बाळंतपण, तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली. सासर दाभोळला. बाळंतपणासाठी खाडीपलीकडे धोपाव्याला माहेरी जाणार आहे आणि नाव चिपळूणच्या दवाखान्यात घातलंय. नवरा मुंबईत नोकरीला. एका ऑनलाइन क्लासची जाहिरात पाहिली: आठ शनिवार, सात हजार रुपये, ‘गर्भसंस्कार आणि नॉर्मल डिलिव्हरीची तयारी’. नवरा म्हणतो, पैसे देतो पण मला त्यात बसवू नकोस. सासूबाई म्हणतात, आम्ही चौघी जावा बाळंत झालो, कोणी क्लास लावला होता? क्लासने खरंच फरक पडतो का, की मी भीतीपोटी पैसे घालवतेय?*

सासूबाईंचं म्हणणं मोडीत काढू नका. त्यांच्या काळी क्लास नव्हता, कारण घरच क्लास होतं. जावेचं, नणंदेचं बाळंतपण पलीकडच्या खोलीत व्हायचं. कळा कशा येतात, किती वेळ चालतात, बाई कशी ओरडते आणि तरी सुखरूप सुटते, हे लग्नाआधीच कानावर पडलेलं असायचं. सुईण उशाशी असायची. आता बाळंतपण दवाखान्यात होतं आणि ते तसंच व्हायला हवं, कारण रक्तस्राव झाला किंवा बाळ अडलं तर इलाज तिथेच आहे. पण त्यात ते बघणं-ऐकणं सुटलं. चांगला क्लास तेवढी जागा भरून काढतो, म्हणून तो लावावा असंच माझं मत आहे. फक्त त्याने नॉर्मल बाळंतपणाची हमी मिळत नाही. बाळ आडवं असेल, वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर असेल, ठोके घसरले, तर कितीही श्वसन केलेलं असलं तरी सिझर करावं लागतं, आणि त्यात बाईचं काही चुकलेलं नसतं.

आता तुमच्या जाहिरातीकडे येऊ. गर्भसंस्काराचे वर्ग आणि बाळंतपणाच्या तयारीचे वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्लोक, संगीत, आहार यांनी मन शांत होत असेल तर जरूर करा, पण कळा सुरू झाल्यावर काय करायचं ते त्यात शिकवलेलं असेलच असं नाही. पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: आठांपैकी किती शनिवार कळा, बाळंतपण आणि अंगावर पाजणं यांवर आहेत? शिकवणारी नर्स, डॉक्टर की फिजिओथेरपिस्ट? सिझरबद्दल, कळ कमी करण्याच्या इंजेक्शनबद्दल सांगता का? सोबतीला कोणी बसलं तर चालेल का? निम्म्याहून कमी वेळ बाळंतपणावर असेल, ‘आमच्याकडे सगळ्यांचं नॉर्मलच होतं’ असं सांगत असतील, किंवा सोबत तेल-पावडरी विकत असतील, तर नाही म्हणा. तेच सात हजार शेवटच्या आठवड्यात दवाखान्याजवळ राहायच्या सोयीला आणि गाडीला लावा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र तुम्ही विचारलेलाच नाही. कळांच्या वेळी तुमच्याजवळ कोण असणार? नवरा मुंबईत. फोन गेल्यावर निघाला तरी पावसाळ्यातला महामार्ग, त्यात परशुराम घाट. तो कधी पोचेल याचा भरवसा नाही. म्हणजे जवळ असणार तुमची आई. मग क्लासला तुमच्या शेजारी आईला बसवा. जन्माच्या वेळी सतत सोबत असलेली बाई हा या सगळ्यातला सर्वांत पक्का उपाय आहे: अशा सोबतीने कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझरही कमी होतात. सरकारी दवाखान्यांतही २०१६ पासून अशा सोबतीला परवानगी आहे. स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई आत राहू शकते, आणि आडोसा नीट असेल तिथे नवराही. तुमच्या दवाखान्यात काय पद्धत आहे, ते आत्ताच विचारून घ्या.

आई आणि तुम्ही मिळून काय शिकायचं, ते सांगते. श्वास साधा आहे: नाकाने चार मोजत आत, तोंडाने सहा मोजत बाहेर, खांदे सैल. शांत खोलीत हे सगळ्यांना जमतं. कळांच्या सहाव्या तासाला विसरतं, कारण सराव दुखण्याबरोबर केलेला नसतो. म्हणून बर्फाचा खडा एक मिनिट मुठीत धरायचा आणि तेवढा वेळ श्वास चालू ठेवायचा. आईने सोबत मोजायचं. मग मूठ बदलायची. रोज संध्याकाळी दहा मिनिटं पुरे. धापा टाकल्यासारखे भराभर श्वास घेतले तर चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. तसं झालं की बाहेर सोडायचा श्वास लांबवायचा.

कळ कमरेत येत असेल तर तुम्ही भिंतीला टेकून पुढे वाका. आईने माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताच्या टाचेने, कळ असेपर्यंत, दाबून धरावं. चोळायचं नाही, दाबायचं. कळा सुरू झाल्या की बायका लगेच आडव्या पडतात. डॉक्टरांची मनाई नसेल तर उभं राहणं, चालणं, गुडघे-हातांवर येणं याने पहिला टप्पा लवकर सरकतो. वार खाली असेल, रक्तदाब असेल, गर्भपिशवीला टाका घातलेला असेल, तर मात्र कुठलाही व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

निघायचं कधी, हे नीट वाचा. खोट्या कळा चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की विरतात. खऱ्या वाढत जातात. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतची वेळ आईने कागदावर लिहावी. पहिलटकरणीसाठी नेहमीचा हिशेब असा: पाच मिनिटांनी एक कळ, ती एक मिनिट टिकणारी, आणि असं तासभर. हा हिशेब दवाखान्याजवळ राहणाऱ्या बाईचा आहे. धोपाव्याहून शृंगारतळीमार्गे चिपळूण म्हणजे जुलैच्या पावसात दीड-दोन तास, आणि रात्री झाड आडवं पडलं तर त्याहून जास्त. तुम्ही दहा मिनिटांवर नियमित कळा आल्या की निघा. त्याहून बरं म्हणजे सदतिसाव्या आठवड्यानंतर चिपळुणात कोणा नातेवाइकांकडे सोय होते का ते बघा, पण शहरातल्या सखल भागात नको. २२ जुलै २०२१ चा पूर अजून कोणी विसरलेलं नाही. रात्री उशिरा फेरीबोट नसते, तेव्हा ‘गरज पडली तर दाभोळला परत येऊ’ हा बेत धरूच नका.

पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट पाहायची नाही, लगेच निघायचं. पाणी हिरवट असेल तर फोनवरच तसं सांगा. १०२ आणि १०८ हे नंबर आईच्या फोनमध्ये आज घाला. तरी गावातल्या एका गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवा, कारण पावसात रेंज जाते.

नवऱ्याचं म्हणाल तर त्यांना क्लासला बसायचा आग्रह नको, त्यांचं काम नंतरचं आहे. चाकरमानी सगळी रजा गणपतीला राखून ठेवतात; यंदा निम्मी बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांना द्यायला सांगा. पाजण्यावरचं एक सत्र तेवढं त्यांनी आणि सासूबाईंनीही ऐकावं. पहिल्या तासात बाळ छातीशी, दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पाजणं, पहिला पिवळा चीक टाकायचा नाही. बाळाने नुसतं बोंड धरलं तर चिरा पडतात. तोंड मोठं उघडून भोवतालचा काळा भागही आत गेला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकली पाहिजे. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय. सहा महिने गुटी नाही, पाणीही नाही; मध तर वर्षभर नाही. आणि शेक घ्या, अळिवाची खीर खा, कुळथाचं कढण प्या, पण कोळशाची शेगडी दारं-खिडक्या बंद करून ठेवू नका. तो विषारी वायू वासाने कळत नाही. हे सासूबाईंना मानाने, समोर बसून सांगा. त्यांना ऐकायला आवडेल, कारण नातवंडाचा प्रश्न आहे.

क्लास आत्ता सुरू केलात तर चौतीस-पस्तिसाव्या आठवड्यात संपेल, अगदी योग्य वेळ आहे. आणि क्लास लावा वा न लावा, येत्या ९ तारखेला जवळच्या सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते तिथे आईला घेऊन जा. बाळ डोक्याकडून आहे का, वार कुठे आहे, हिमोग्लोबिन किती, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कार्डावर लिहून घ्या. प्रसूतीची खोली बघायला मिळेल का, हे चिपळूणच्या दवाखान्यात पुढच्या खेपेला विचारा.