प्रॉडक्टिव्हला मराठीत काय म्हणायचं, आणि बिझीला?

प्रश्न असा आहे की "आमची टीम दिवसभर बिझी असते पण प्रॉडक्टिव्ह नाही" हे मराठीत लिहायचंय, "उत्पादक नाही" लिहिलं तर कसंतरीच वाटतं, मग शब्द कोणता?

कसंतरीच वाटणारच. उत्पादकता हा शब्द चुकीचा अजिबात नाही, पण तो कारखान्याचा, शेतीचा आणि सरकारी कागदाचा शब्द आहे. १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली, १२ फेब्रुवारीला उत्पादकता दिवस असतो, तिथे तो शोभतो. त्याचा नेमका अर्थ मात्र शेतकऱ्याला जास्त चांगला कळतो कारण तो उत्पादन आणि उत्पादकता यात गल्लत करत नाही. उत्पादन म्हणजे एकूण किती पिकलं, उत्पादकता म्हणजे हेक्टरी किती पिकलं. कापसाचंच घ्या, महाराष्ट्रात पेरा देशात सगळ्यात मोठ्या राज्यांपैकी, पण बहुतेक सगळा कोरडवाहू, म्हणून हेक्टरी उतारा कमी. तर ऑफिसात बारा तास बसणं हा झाला पेरा, उतारा काय पडला ते वेगळं विचारावं लागतं. एवढा हिशोब त्या एका शब्दात आहे पण "आज माझी उत्पादकता छान होती" असं घरी बोलून बघा, बायको कपाळावर हात ठेवून ताप बघेल.

माझं म्हणणं असं की प्रॉडक्टिव्हला एकच शब्द शोधत बसू नका, कशाबद्दल बोलताय ते आधी बघा. माणसाबद्दल बोलायचं तर आपल्याकडे "उरक" आहे. "तिला कामाचा काय उरक आहे!" यात सगळं आलं, पटापट होतं, पूर्ण होतं आणि गाजावाजा नसतो. दिवसाबद्दल किंवा वेळेबद्दल असेल तर "सत्कारणी लागला" किंवा नुसतं "कारणी लागला". कामाबद्दल असेल तर "मार्गी लागलं", "हातावेगळं केलं". हा हातावेगळं शब्द मला फार आवडतो, काम हाताला चिकटलेलं होतं ते सुटलं एकदाचं. आणि मेहनतीबद्दल असेल तर "चीज झालं".

उरक वापरताना एक गोष्ट सांभाळा. नाम म्हणून ते कौतुक आहे पण "उरकलं" हे क्रियापद झालं की सूर बदलतो, "लग्न उरकलं", "मीटिंग उरकून टाकली" यात कसंबसं संपवल्याचा वास येतो. शिवाय उरक फक्त वेगाचं सांगतो, ते काम करायला हवं होतं का हे नाही सांगत. एखादा सकाळी बसून ढीगभर ईमेलना उत्तरं देतो, उरक दांडगाच म्हणायचा, पण ज्या रिपोर्टसाठी सगळे थांबलेत त्याला हात नाही लावलेला, मग दिवस सत्कारणी लागला असं नाही म्हणता येणार. म्हणजे फरक करायचाच असेल तर सत्कारणी जास्त पक्का शब्द आहे.

आता दुसरी बाजू, नुसतं बिझी असणं. इथे आपण श्रीमंत आहोत! लगबग वाईट नाही, लग्नघरात असते तशी. धांदल उडते, म्हणजे माणसाच्या हातात राहिलेलं नसतं. खटाटोप म्हणजे एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं सगळं. उठाठेव तर ऐका नीट, उचलायचं आणि ठेवायचं, फाइल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये, टास्क या कॉलममधून त्या कॉलममध्ये, ऑफिससाठीच केल्यासारखा शब्द आहे (घरात मात्र नसत्या चौकशा करणाऱ्यालाच ऐकावा लागतो). आणि पाट्या टाकणे, हात चालू आहेत, मन नाही, हजेरी लागली म्हणजे झालं. पाट्या टाकणारा कधी रिकामा दिसत नाही हे त्यातलं मर्म.

आणि म्हण तर तयारच आहे, "घडीची फुरसत नाही आणि दमडीची मिळकत नाही". कुठे दमडीच्या जागी कवडी म्हणतात, कुठे पै, पण मुद्दा तोच. तुमचं वाक्य मी असं लिहीन, "टीमला दिवसभर डोकं वर काढायला फुरसत नसते, पण काम मार्गी लागत नाही." साहेबांना मेल करायचा असेल तर हे चालेल, म्हण नका घालू, टीमने वाचलं तर मिळकतीवरून टोमणा मारलाय असं वाटायचं.

राहता राहिलं व्यस्त. बिझीसाठी व्यस्त हिंदीतून आलाय, मराठीत व्यस्त म्हणजे उलट, शाळेतलं व्यस्त प्रमाण आठवा, म्हणून व्यग्र म्हणा असं शुद्धलेखनवाले सांगतात. बरोबर आहे त्यांचं, पण गंमत अशी की दोन्ही शब्द मुळात विखुरलेपणाचेच आहेत. व्यस्त म्हणजे वि + अस्त, इकडे तिकडे फेकलेलं, समस्तच्या उलट. व्यग्र म्हणजे वि + अग्र, लक्षाचं टोक एक नाही, एकाग्रच्या बरोब्बर उलट. संस्कृतात व्यग्रला गढून गेलेला असाही अर्थ आहे, पण भांबावलेला हाही आहेच. त्यामुळे कामात खरोखर बुडालेल्या माणसाला मी व्यग्र म्हणत नाही, कार्यमग्न म्हणतो, ते जरा पुस्तकी होतं हे मान्य. आणि फोनवर कोणी विचारलं तर व्यस्त, व्यग्र, बिझी यातलं काहीच लागत नाही, "कामात आहे, नंतर करतो" एवढं पुरतं.